बेपत्ता शिपायाची फातिहा

आईचे वडील इंग्रज बादशहाच्या फौजेतून बसऱ्याच्या मोहिमेवर गेले, तेव्हा आई पोटात होती. ते परत आले नाहीत. तैग्रिसच्या काठी एका गावात तुर्की सुलतानाच्या फौजेने त्यांच्या पलटणीला कित्येक महिने वेढून ठेवलं. धान्य संपलं, तेव्हा शिपायांनी घोडे खाल्ले. सरकारी कागदावर एकच शब्द आला, बेपत्ता. रत्नागिरीकडच्या आमच्या गावाने त्याचे दोन अर्थ काढले. एक तर उपासमारीने मेला, नाहीतर सुलतानाला जाऊन मिळाला. सुलतान म्हणजे मुसलमानांचा खलिफा, म्हणून दुसरा अर्थ काही जण कौतुकानेही सांगत. आईच्या वाट्याला मात्र 'तुर्काची पोर' हा टोमणाच आला.

तिने त्यांच्या नावाने फातिहा, म्हणजे मेलेल्यासाठीची दुआ, कधी दिली नाही. जिवंत असले तर? शिवाय आमच्या घरात फातिहाच्या ताटात मेलेल्याच्या आवडीचं काहीतरी ठेवतात. आजी बाळंतपणातच गेलेली. आजोबांना काय आवडायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं.

एकोणीसशे नव्वदनंतर ती व्हिजिट व्हिसावर आखातात, आमच्या झिंजच्या फ्लॅटमध्ये आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काय गो, बसरा कुठल्या बाजूला?"

मी हात केला तो उत्तरेला. तेव्हापासून ती त्याच बाजूला तोंड करून जेवू लागली. घास हातात धरून मधेच थांबायची.

"घोडा शिजवायला लाकडं तरी मिळाली असतील का गो?"

माझी मुलं ताटं सोडून उठायची.

"आई, ऐंशी वर्षं होत आली."

"भूक काय कॅलेंडर बघते?"

खाली दुकानात घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा मूळचा बसऱ्याचा. गिऱ्हाइकांमुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. विषय एकदाचा खलास व्हावा, म्हणून मीच आईला त्याच्याकडे नेलं.

"होता ना एक हिंदी माणूस आमच्या गल्लीत," तो म्हणाला. "इंग्रजांच्या फौजेतला. मी लहान होतो. तांदळाची भाकरी करायचा, आम्हा पोरांनाही द्यायचा. बायको आमच्यातलीच."

"नाव काय त्याचं?" मी विचारलं.

"सगळे हिंदीच म्हणायचे."

जिना चढताना आई हसली. "तांदळाची भाकरी म्हणजे आपलाच. पळालाच की गो."

"मग हसतेस काय? दुसरी बायको केली त्याने."

"करू दे. जेवला ना पण!"

वडील पळाले नाहीत, एवढंच तिने आयुष्यभर जपलं होतं. ते तिने दोन मजल्यांत सोडून दिलं. शुक्रवारी स्वतः तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, मला हात लावू दिला नाही. फातिहा दिली आणि त्या दिवशी न थांबता जेवली.

पुढच्या आठवड्यात घड्याळवाल्याची बायको दुपारची दारात आली. हातात झाकलेली ताटली.

"तुमच्या आईला आवडेल म्हणून आणली. आमच्या बसऱ्यात घरोघरी करतात."

झाकण काढलं तर तांदळाची भाकरी. आमच्या भाकरीपेक्षा जाड, पण तीच.

"घरोघरी?" मी विचारलं.

"हो तर. कोणीही करतं."

म्हणजे तो हिंदी पंजाबचा असेल, मद्रासचा असेल. ही भाकरी तो तिथेच शिकला असेल. मी दार लावलं. आई आत झोपली होती. ताटलीत दोन भाकऱ्या होत्या. ती उठायच्या आत मी त्या ओट्याशी उभ्यानेच खाल्ल्या. दुसरीची भूक नव्हती, तरी संपवली आणि ताटली धुऊन परत देऊन आले.