वाल भिजत घालायच्या दिवशीचं लग्न

इस्रायलमधल्या बेर्शेबाच्या जुन्या गावातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात बसून मी एकोणीस वर्षं लोकांची लग्नं परदेशात लावून दिली. असं सांगितलं की मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, ही बाई श्रीमंतांचे चोचले पुरवत असणार. तसे गिऱ्हाईकही होते. एका दातांच्या डॉक्टरला प्रागमध्ये लग्नासाठी किल्ला हवा होता, पण पायऱ्या नको होत्या, कारण होणाऱ्या सासूचे गुडघे. एका जोडप्याला ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर जुन्या तटबंदीच्या आतली अशी खोली हवी होती, की जिथून समुद्र दिसेल पण दुसरे इस्रायली दिसणार नाहीत. मी त्यांना म्हटलं, त्यासाठी ऱ्होड्स नव्हे, चंद्र बघा. ते हसले नाहीत.

पण माझ्या टेबलासमोर बसणारे निम्म्याहून अधिक लोक हौसेपोटी आलेले नसत. आमच्याकडे ज्यू माणसाचं लग्न धर्मखात्यातूनच लागतं, आणि तिथे आधी आई ज्यू असल्याचे कागद दाखवावे लागतात. नव्वदच्या सुमारास रशियातून, युक्रेनमधून लाखो लोक आले. त्यातल्या कित्येकांचा बाप ज्यू होता, आई नव्हती. त्यांची मुलं इथे सैन्यात जायची, कर भरायची, फक्त लग्न करू शकायची नाहीत. मग ती सायप्रसला जायची. विमानाने तासभरसुद्धा लागत नाही. तिथल्या नगरपालिकेत सही करून आलं की इथलं सरकार ते लग्न मान्य करतं. मी कागद जमवायची, तारीख ठरवायची, फॅक्स करायची. समुद्रकाठच्या जुन्या किल्ल्यापाशी फोटो आणि दोन रात्रीचं हॉटेल धरून त्याला आम्ही 'रोमँटिक पॅकेज' म्हणायचो. मुलींचे डोळे कधी कधी रडून सुजलेले असायचे. मी पाण्याचा पेला पुढे करायची आणि किल्ल्याची चित्रं दाखवायची.

मग एक दिवस माझीच मुलगी त्या खुर्चीत येऊन बसली.

ती बेर्शेबाच्या इस्पितळात प्रयोगशाळेत काम करायची. तिने पसंत केलेला मुलगा लहानपणी आईबापांबरोबर युक्रेनमधून आलेला, वाळवंटातल्या डिमोना गावाजवळच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. बाप ज्यू, आई नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मला खरी धास्ती होती ती बाबांची.

बाबा डिमोनात एकटे राहायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मी अकरा वर्षांची असताना आम्ही अलिबागजवळचं गाव आणि मग मुंबईची खोली सोडून इथे आलो, तेव्हा इथल्या धर्मखात्याने आम्हा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यू लोकांच्याच लग्नांवर शंका घेतली होती. तुमची आई कोण, तिची आई कोण, पुरावा काय. आमची माणसं जेरुसलेमला जाऊन रस्त्यावर बसली. बाबाही कारखान्यातली रजा टाकून चार दिवस तिथे बसले होते. आपल्या मुलीबाळींची लग्नं इथे ताठ मानेने लागावीत म्हणून जो माणूस रस्त्यावर बसला, त्याला आता मी सांगणार होते, की तुमच्या नातीचं लग्न सायप्रसला लागणार.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. नंतर त्यांनी त्या मुलाला जेवायला बोलावलं. बोलणं काय होणार, त्याला मराठी येत नव्हती आणि बाबांची हिब्रू तिसऱ्या वाक्याला संपायची. पण त्याने जेवण झाल्यावर न सांगता स्वयंपाकघरातला बिघडलेला दिवा दुरुस्त केला, आणि तो गेल्यावर बाबा मला म्हणाले, "पोरगा चांगला हाय. आमाला पण इचारलेलं ना, तुमची आई कोण म्हणून? आता आपन त्याला इचारायचं काय? मना नाय जमनार." नंतर म्हणाले, "माझा पासपोर्ट करून दे. मी येनार."

मी बसमध्ये बेर्शेबा येईपर्यंत रडत होते. आनंदाने.

पासपोर्ट केला. बाबांनी ओळखीच्या टेलरकडून राखाडी पँट शिवून घेतली. जायच्या आदल्या आठवड्यात डिमोनात मेंदी करायची, एलियाहू हन्नाबीचा मलिदा, म्हणजे शुभकार्याआधीचा आमचा गोड पोह्यांचा नैवेद्य, करायचा, हे त्यांनी शेजाऱ्यांना सांगूनही टाकलं. फक्त तारीख ठरायची होती, आणि ते माझं काम होतं.

तिथेच मी चुकले. उन्हाळ्यात सायप्रसची नगरपालिका गच्च भरलेली असते, पण एका आठवड्यातला मंगळवार मोकळा निघाला. किल्ल्याकडे गच्ची असलेली हॉटेलची खोलीही मोकळी. मी लगेच फॅक्स केला आणि स्वतःवर खूश झाले. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माझ्या डोक्यात यायला हवं होतं, की ऐन उन्हाळ्यात नेमका तोच आठवडा मोकळा का आहे. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास जवळ आला होता. त्याच्या आधीचे दिवस शोकाचे, ज्यू माणूस त्या दिवसांत लग्न लावत नाही. आमच्या कोकणातल्या माणसांनी त्या उपासाला कधी हिब्रू नावाने ओळखलं नाही. आमच्यात तो बिरड्याचा सण. उपास सोडायला वालाचं बिरडं करतात म्हणून; त्याचे वाल आधीच भिजत घालून ठेवायचे.

बाबांच्या फ्रिजवर सभास्थानाचं, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराचं, कॅलेंडर लावलेलं होतं. मी तारीख सांगितली, त्यांनी चष्मा चढवला, बोट फिरवलं आणि ते खाली बसले.

"पोरी, हा तर वाल भिजत घालायचा दिवस. वाल भिजत घालायचे त्या दिवशी नातीला मेंदीच्या हाताने उभी करायची?"

मी म्हटलं, "बाबा, नगरपालिकेतलं लग्न आहे. त्यात धर्म कुठे आलाय?"

"तीन आठवडे पुढं ढकल. येवढंच कर. मी येतो. नायतर मना नाय येता येनार."

पुढे ढकलणं मला सहज शक्य होतं. गिऱ्हाइकांसाठी मी दर आठवड्याला ते करायची. एक फॅक्स, एक फोन. पण माझं डोकं लवकर तापतं. माझ्या कामात मी चूक केली, हे मला माझ्या बापाकडूनही ऐकवत नव्हतं. मी म्हटलं, "ज्यांनी तुम्हाला रस्त्यावर बसवलं, त्यांचंच कॅलेंडर घेऊन बसलात? ज्यांनी या मुलाला दारातून हाकललं त्यांचंच?"

बाबा म्हणाले, "त्यांचं नाय. गावाला आमच्याकडं रब्बी नव्हता, पुस्तक नव्हतं. माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. तिला येवढंच ठाऊक, की या दिवसांत लग्न नाय आनि वाल भिजत घालायचे. त्याच्यावर आमी ज्यू राहिलो."

मी पर्स उचलली आणि निघाले. वाटलं, येतील, रागाने बोलतायत. ते आले नाहीत, आणि डिमोनातली मेंदी आणि मलिदाही राहून गेला.

लग्नाआधी मुलीने ऑफिसात येऊन विचारलं, "इमा, सबा येत नाहीयेत असं ऐकलं. का?" ती माझ्याशी हिब्रूतच बोलते; इमा म्हणजे आई, सबा म्हणजे आजोबा. मी तेव्हा फॉर्म भरत होते. सांगायचं होतं, की तुझ्या आईने तारीख चुकीची धरली आणि आता तिला माघार घ्यायची लाज वाटते. मी म्हटलं, "तुला माहीत आहे ना, त्या पिढीची माणसं कशी असतात."

ती म्हणाली, "त्याच्या आईमुळे? जेवायला बोलवायला चालतो, लग्नाला नाही?"

मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. फॉर्म तिच्यापुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

लग्न दहा मिनिटांत आटोपलं. कारकुनाला आमची आडनावं वाचता येईनात. मुलाची आई रडली, मीही रडले, आणि सगळ्यांना वाटलं की आम्ही दोघी एकाच कारणाने रडतोय. नंतर किल्ल्यापाशी फोटो काढले. मी किती जोडप्यांना ती जागा विकली होती, पण प्रत्यक्षात पहिल्यांदाच बघत होते. छोटा किल्ला आहे. भिंतीला सावलीसुद्धा धड नव्हती.

त्यानंतर मुलगी डिमोनाला गेली नाही. लग्नाआधी ती शुक्रवारी दुपारच्या बसने आजोबांकडे जायची, त्यांच्याबरोबर जेवून यायची. आता फोन आला तर दोन शब्द बोलून ठेवून द्यायची. बाबा मला विचारायचे, "रागावलीय काय अजून?" मी म्हणायची, कामात असते. ते म्हणायचे, "रागावू दे. मी लग्नाला गेलो नाय, तिचा हक्क हाय." त्यांना वाटायचं, खरं कारण तिला माहीत आहे. दोघांच्या मध्ये मी बसले होते आणि एका वाक्याने सगळं मिटलं असतं. मी ते वाक्य आज बोलू, उद्या बोलू करत राहिले. पहिल्या महिन्यात बोलणं कठीण होतं. वर्षाने ते अशक्य झालं, कारण आता वर्षभर गप्प का राहिलीस, हेही सांगावं लागलं असतं.

दोन हजार एकच्या हिवाळ्यात बाबांना बेर्शेबाच्या इस्पितळात आणलं. माझी मुलगी त्याच इमारतीत दोन मजले खाली रक्त तपासत होती. त्यात बाबांचंही रक्त आलं असणार. दुसऱ्या दिवशी ती वर आली, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, नर्सशी रिपोर्टबद्दल बोलली. बाबांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, "जावई नाय आला?"

तिला एवढं मराठी कळत होतं. तिला तो टोमणा वाटला. तिचा चेहरा कसा आवळला गेला ते मी पाहिलं. "कामावर आहे," ती हिब्रूत म्हणाली आणि गेली. बाबा दाराकडे बघत राहिले. मी त्यांची उशी नीट केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

शोकाचे सात दिवस आम्ही डिमोनाच्या घरात बसलो. जावई रोज कारखान्यातून थेट यायचा, सभास्थानातून खुर्च्या आणायचा, म्हाताऱ्यांना चहा द्यायचा. चौथ्या दिवशी मुलगी स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. म्हणाली, "ज्या माणसाने त्याला माणूस मानलं नाही, त्याच्यासाठी तो खुर्च्या उचलतोय. बघ, इमा." तिचे डोळे भरले होते. आपल्या नवऱ्याचा तिला अभिमान वाटत होता, आणि आजोबांचा राग येत होता, आणि दोन्ही तिला मी दिलेलं होतं.

माझ्या हातात किटली होती. मी पेल्यांत चहा ओतत राहिले.

आता तिला दोन मुलं आहेत. थोरला विचारतो, आईचे सबा कसे होते. ती सांगते, कडक होते, जुन्या वळणाचे होते, तुझ्या बाबांना त्यांनी कधी आपलं मानलं नाही. मी त्याच टेबलाशी बसलेली असते. हे सगळं मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगते आहे, आणि मराठीत लिहिते आहे, कारण माझ्या मुलीला मराठी वाचता येत नाही.