भुलीत कोण काय बोललं

"बोलत नाही ना? भूल उतरताना बघा तुम्ही. सगळं बाहेर येईल. त्या वेळी माणसाला काही लपवताच येत नाही!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं, माझ्याबद्दल होतं. मागच्या दारी सासूबाई आणि शेजारच्या वाघकाकू गहू निवडत बसल्या होत्या. मी आत मोरीत डबे घासत होते. काकूंनी हळूच विचारलं होतं, "तुमच्या सुनेच्या मनात काय असतं हो? वर्ष होत आलं, मला अजून तिचा आवाज माहीत नाही." त्यावर सासूबाईंचं हे उत्तर. मग दोघी हसल्या. मी हातातला डबा पुन्हा एकदा घासला. तो आधीच स्वच्छ झाला होता.

माझं अपेंडिक्स दोनदा दुखून गेलं होतं, आणि आता काढूनच टाकू असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कापाकापीची मला फारशी धास्ती नव्हती, ती झोपेत व्हायची होती. धास्ती भुलीची होती. आधी वाटायचं, जागच आली नाही तर? त्या दुपारपासून वाटायला लागलं, जाग येईल, आणि येताना मी बोलेन.

बोलण्यासारखं साठलंही होतं. घरात तीन पुरुष, तिघंही सातपूरच्या कारखान्यात कामाला. सासरे, म्हणजे आप्पा, सकाळच्या पाळीला, हे दुपारच्या, धाकटे भाऊजी रात्रीच्या. कुणी जेवून निघतंय, कुणी येऊन जेवतंय, आणि कुणीतरी झोपलंय म्हणून भांडं वाजवायचं नाही. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना ओट्याशी उभं राहवत नसे. गॅसचा नंबर अजून लागायचा होता. कारखान्यात तीन पाळ्यांना तीन माणसं होती. स्वयंपाकघरात तिन्ही पाळ्यांना मी.

ऑपरेशन ठरल्यापासून जो येई तो भुलीचा एखादा किस्सा घेऊन येई. आजाऱ्याकडे मोसंबी नेतात ना, तसं. मोसंबी संपली. किस्से मात्र साठत गेले.

*

पहिला मान वाघकाकूंचा. त्या मुद्दाम माझी भीती घालवायला आल्या.

"अजिबात घाबरायचं नाही," माझ्याच हातचा शिरा खात त्या म्हणाल्या. "आमच्या जाऊबाईंच्या भावाला भूल दिली होती. सकाळी दिली. दुपार झाली, उठेना. संध्याकाळ झाली, उठेना. बायको रडतेय, आई रडतेय, डॉक्टर गालावर चापट्या मारतायत..."

माझ्या हातातली वाटी खाली आली.

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"मग काय? दिवेलागणीला उठला आणि चहा मागितला. नंतर बायकोनं कबूल केलं, रविवारी घरीसुद्धा तो असाच झोपतो!"

काकूंनी आणखी थोडा शिरा घेतला. माझी भीती गेली नाही, पण त्या भावाचा हेवा मात्र वाटला.

*

आप्पांचा किस्सा त्यांच्याच तोंडून ऐकावा. जन्मभर लेथवर काम केलेला माणूस. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा टेबलावर झोपवून डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दुसरा माणूस एव्हाना घोरला असता. आप्पांचे डोळे टक्क उघडे.

"झोप येत नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"येतेय की. पण रिलीव्हर कुठाय?"

डॉक्टरांना कळेना. आप्पांनी जड जिभेनं समजावून सांगितलं, पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय चालू मशीन सोडायचं नाही. शिफ्ट सुटली तरी नाही. भोंगा झाला तरी नाही. ते डोळे मिटायला तयार होईनात. शेवटी डॉक्टर त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "मी आलोय. सांभाळतो मी. जा तुम्ही."

"बरं. तेल बघून घ्या," असं म्हणून आप्पांनी डोळे मिटले!

अजूनही आप्पा पेपर वाचता वाचता पेंगले की भाऊजी ओरडतात, "आप्पा, रिलीव्हर आला!"

माझ्यासाठी हा किस्सा सांगून झाला तेव्हा हे सुट्टीमुळे घरीच होते. यांनी त्यांना छेडलं, "आणि रिलीव्हर आलाच नाही तर?"

"तर डबल ड्यूटी. करतो माणूस एखाद्या वेळी."

"आणि तिसऱ्या पाळीलाही नाही आला तर?"

आप्पा भडकले. "सलग तीन पाळ्या? माणूस आहे की मोटर? युनियन काय झोपलीय का!"

मी त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला. भाऊजींचा डबा भरायचा होता, म्हणून आत गेले.

*

हे मला धीर द्यायला सर्वांत पुढे. "त्यात काय आहे? मी नाही का दाढ काढली!"

ती दाढ मला माहीत होती. लग्नानंतरचीच. डेंटिस्टनं हिरडीत इंजेक्शन दिलं, अर्धा चेहरा बधिर झाला, दाढ निघाली. डॉक्टर म्हणाले, घरी जा, आराम करा. पण यांची हजेरी बुडायची नव्हती. हे तसेच बसनं सातपूरला गेले. वाटेत टपरीवर चहा घेतला. अर्धा आत गेला, अर्धा शर्टावर. ओठच जागेवर नव्हता.

गेटवरच्या वॉचमननं नाव विचारलं. यांनी सांगितलं. पण ते यांचं नाव आहे असं वॉचमनला काही वाटेना.

"किती घेतलीय?" वॉचमननं विचारलं.

यांनी एक बोट वर केलं. म्हणजे एक दाढ!

"एकीतच ही अवस्था?" असं म्हणून त्यानं यांना परत पाठवलं. घरी आल्यावर सासूबाईंनी आधी तोंडाचा वास घेतला, मगच पाणी दिलं. भूल उतरेपर्यंत यांनी मला दर थोड्या वेळानं विचारलं, "गाल आहे ना गं जागेवर?"

आणि आता हेच मला सांगत होते, त्यात काय आहे!

*

आप्पांच्या बहिणीला आम्ही सगळे आत्याबाई म्हणतो. त्यांचं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा नाकावर मास्क धरून भूल देत. माणूस झोपला की नाही हे कळावं म्हणून नर्स काही ना काही विचारत राही.

"मावशी, तुमचं नाव?" आत्याबाईंनी सांगितलं.

"गाव?" तेही सांगितलं.

"मालकांचं नाव?"

आत्याबाई गप्प.

नर्सनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं विचारलं. आत्याबाई गप्पच. "झोपल्या सर," नर्स म्हणाली. डॉक्टरांनी हात पुढे केला आणि सुरी मागितली.

"अहो, थांबा! जागी आहे मी!" आत्याबाई मास्कमधून किंचाळल्या. "त्यांचं नाव घेत नाही, एवढंच!"

डॉक्टरांना घाम फुटला. "मग आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही नाव विचारलंत. जागी आहात का असं कुठं विचारलंत?"

नर्स बहुतेक आमच्याच बाजूची असावी. ती म्हणाली, "बरं, मग उखाण्यात घ्या."

उखाण्यात घ्यायला हरकत नव्हती. आत्याबाईंनी मास्क जरा सरकवून घसा साफ केला आणि सुरुवात केली, "गोदेच्या पाण्यात दिवा सोडते वाकून..."

आणि नाव यायच्या आधीच झोपल्या!

बाहेर त्यांचे मालक आशेनं उभे होते. "घेतलं का हो नाव?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं म्हणे. आप्पा म्हणतात, "आमची बहीण अजून तिथंच आहे. काठावर, वाकलेली."

मला एवढंच जाणवलं की आत्याबाईंनी भुलीतसुद्धा तोंड आवरलं. मग मलाही जमेल. मी मनातल्या मनात सराव करायला लागले. पोळ्या लाटताना दात घट्ट मिटायचे.

*

आता यातला माझा भाग. डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळी उपाशी पोटी यायचं.

सकाळी मी निघायच्या तयारीत असताना सासूबाई गुडघे धरत स्वयंपाकघरातून आल्या. हातात वाटी. वाटीत साबुदाण्याची खिचडी, वर ओलं खोबरं. त्यांनी स्वतः स्टोव्ह पेटवून केली होती. घरात आल्यापासून माझ्यासाठी कुणी केलेला तो पहिला पदार्थ.

"आई, डॉक्टरांनी उपाशी..." मी एवढं म्हटलं.

"मग उपासाचंच आहे ना! मीठसुद्धा सैंधव घातलंय. रिकाम्या पोटी ती भूल डोक्यात जाईल."

मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. पण त्यांचे गुडघे, ती वाटी, वरचं खोबरं. मी खाल्ली.

नर्सिंग होममध्ये भूल देणारे डॉक्टर स्कूटरवरून आले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात माझा केसपेपर. "काही खाल्लंय?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पुढे झाल्या. "छे हो! काही म्हणजे काही नाही. आमच्याकडे सगळं अगदी काटेकोर. फक्त खिचडी."

डॉक्टरांनी केसपेपर मिटला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोट भरलेलं असताना भूल दिली, तर खाल्लेलं उलटून श्वासात जातं. जीव जाऊ शकतो. तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्हाला तोंड नाही?"

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. सासूबाई घरी जाताना वाटेत भेटेल त्याला सांगत गेल्या, "डॉक्टर नवीन आहेत. त्यांना उपासाचं काही कळत नाही."

मी तिथंच कॉटवर पडून राहिले. त्या दिवशी मला कळलं, मी बोलेन याची भीती मला उगाच होती. न बोलण्यानंच माझा जीव जायचा होता.

*

शेजारच्या कॉटवर सटाण्याकडची एक म्हातारी होती. तिचं ऑपरेशन माझ्या आधी. देवीचा अंगारा तिनं पदराच्या गाठीत बांधून आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भूल देणारे डॉक्टर तिला तपासायला वाकले, तशी तिनं गाठ सोडली, चिमूटभर अंगारा घेतला आणि त्यांच्याच कपाळाला लावला!

"आजी, मला नाही, तुम्हाला लावा," डॉक्टर म्हणाले.

"माले कसाले?" म्हातारी म्हणाली. "मी झोपसू. जागनं तुले पडी."

खरंच, ती झोपणार, जागावं लागणार ते डॉक्टरांना. त्यांनी तो अंगारा पुसला नाही. तिचं ऑपरेशन आटोपून मला टेबलावर घेतलं तेव्हाही त्यांच्या कपाळावर ती राखाडी रेघ होती. सुई टोचली. मी दात मिटले नाहीत. आपण झोपायचं आणि दुसऱ्या कुणीतरी जागायचं, हे माझ्या बाबतीत किती दिवसांनी होत होतं! मला आठवतंय, मी हसत होते.

*

जाग आली तेव्हा ऐकू आधी यायला लागलं. डोळे मिटलेलेच ठेवले.

"पापणी हलली का हो?" हा आवाज वाघकाकूंचा. त्या दुसरं कशाला आल्या असणार!

"आता बोलेल," सासूबाई म्हणाल्या. "सरका जरा, मला ऐकू द्या."

यांच्या शर्टाचा वास आला, म्हणजे रजा टाकून आलेले हेही वाकलेले. आप्पा पहिली पाळी संपवून तसेच आले होते. त्यांच्या कपड्यांना ऑइलचा वास होता. चौघं माझ्या तोंडाकडे बघत उभे आहेत हे मला डोळे न उघडता दिसत होतं.

घसा कोरडा पडला होता, पोटात टाके ओढत होते, पण डोकं अगदी लख्ख होतं. भूल उतरली होती. फक्त हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टर येऊन सांगून गेले, काळजीचं काही नाही. टाके काढल्यावरही काही आठवडे वाकायचं नाही, उभं राहून काम नाही, पूर्ण विश्रांती.

"विश्रांतीच आहे हो आमच्याकडे," सासूबाई त्यांच्या पाठीमागून म्हणाल्या. "स्टोव्ह खाली घेऊन देऊ. बसल्या बसल्या पोळ्या होतील."

"माझा डबा काय, साधाच असतो," हे म्हणाले.

"धाकट्याला रात्री गरम लागतं," सासूबाई म्हणाल्या. "तेवढं उठेल ती."

"उठेल की," आप्पा म्हणाले. "घरातलंच काम आहे. ते काय मशीन आहे?"

मग सगळे पुन्हा वाकले. "बोल गं," सासूबाई माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, आणि तो हात मायेचा होता. "काय मनात असेल ते बोल. आम्ही मनावर घेणार नाही. भुलीत माणूस काहीही बोलतो."

डोळे मिटून मला काहीही बोलता आलं असतं. पुढची कित्येक वर्षं ते हसत सांगत राहिले असते.

मी डोळे उघडले. चांगले सताड उघडले. काकूंकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, सासूबाईंचा हात हातात घेतला. मग सासऱ्यांकडे बघून, वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्याशी सरळ बोलले,

"आप्पा, माझा रिलीव्हर कोण?"