बांगडीची निशाणी

बायकोला सांगायचं राहून गेलं. ती जाऊन आता तीन पावसाळे झाले. भावाला सांगितलं नाही, देवापुढेही मोठ्याने उच्चारलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही. भित्र्या माणसाला एवढी सोय पुरते.

कल्याणच्या खाडीकाठी एका डॉक्टरांचा खासगी दवाखाना होता. तिथे मी कंपाउंडर होतो. औषधं कालवायची, जखमा धुवायच्या आणि कागद लिहायचे. अक्षर मोत्यासारखं, असं डॉक्टर म्हणायचे. त्या अक्षराची मला फार घमेंड होती. आता ते अक्षर दिसलं की मी कागद उलटा करून ठेवतो.

दवाखान्यात एक कडक नियम होता. रोग्याला क्लोरोफॉर्म देण्याआधी घरच्या माणसाकडून कागद घ्यायचाच. आम्ही त्याला ‘बोल नाही’चा कागद म्हणायचो. ‘रोग्याचे बरेवाईट झाल्यास डॉक्टरसाहेबांवर आमचा बोल नाही’ — एवढीच ओळ आणि खाली सही. ज्याला सही येत नाही त्याची निशाणी. शेतकरी नांगर काढायचा, सुतार लाकूड तासायचा वाकस काढायचा, आणि बाई असली की बांगडी, म्हणजे एक लहानसं वर्तुळ. विधवाही बांगडीच काढायची. दुसरी खूण तिला कोणी दिलीच नव्हती!

धर्मा मिठागरात काम करायचा. पायाला फावडं लागलं, जखमेत खारं पाणी गेलं आणि दोन बोटं काळी पडली. बोटं कापायची ठरली. बायको चांगुणा आणि म्हातारी आई त्याला घेऊन आदल्या दिवशीच आल्या होत्या. मी कागद घेऊन चांगुणाकडे गेलो, तर ती विचारते, “बोल नाय म्हंजे काय वं?” मी सांगितलं. ती म्हणाली, “मंग माजा दीर येव दे. त्याला इचारतंय.”

दीर दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा होता आणि ऑपरेशन सकाळी. चूक तिची होती का? मुळीच नाही. चारचौघांत विचारून निशाणी करणारी शहाणी बाई ती. मलाच राग आला — मिठागरातली आगरी बाई मला अर्थ विचारते! दोन बोटं तर कापायची, त्यात काय व्हायचंय? सकाळी डॉक्टरांनी विचारलं, “कागद झाला?” मी म्हटलं, “झाला.”

पहिलं खोटं हे. एका शब्दाचं.

धर्मा टेबलावरून उठलाच नाही. क्लोरोफॉर्मचा रुमाल माझ्या हातात होता. थेंब जास्त पडले का? आजही सांगता येत नाही, आणि माझी कबुली ती नव्हे. मला फक्त एवढंच आठवतं, की डॉक्टरांनी नाडी सोडली तेव्हा माझ्या मनात धर्मा नव्हता, कागद होता.

बाहेर ओट्यावर कळलं, आणि म्हातारीने तिथल्या तिथे सुनेचे हात दगडावर आपटून बांगड्या फोडल्या. मग ती आत लेकाकडे धावली. काचा पायरीवर पडलेल्या. मी त्या चुकवत खाली उतरलो, हातात दौत आणि टाक. चांगुणाला म्हटलं, मढं न्यायचं तर निशाणी लागते. हे दुसरं खोटं. कागदावर मी आदल्या दिवसाची तारीख घातली होती.

तिने टाक घेतला. सवयीने वर्तुळ काढायला लागली, आणि अर्ध्यावर थांबली. आपल्या मनगटाकडे पाहिलं. तिथे रक्त होतं. टाक खाली ठेवून ती आत धर्माकडे गेली.

अर्धी बांगडी! आदल्या दिवशी जी सवाष्ण होती, ती अर्ध्यावर कशाला थांबेल? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मला वाटलं, जगाला हे पाहताक्षणी कळेल. मी टाक उचलला आणि उरलेलं अर्धं वर्तुळ माझ्या मोत्यासारख्या हाताने पुरं केलं. अगदी गोल.

दिराने अर्ज केला. ठाण्याच्या कचेरीत साहेबापुढे चौकशी लागली. आगगाडीत डॉक्टर माझ्याशेजारी बसले होते. मुंब्र्याच्या पुढे म्हणाले, “तुझ्या कागदामुळे वाचलो रे.” त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

कागदासाठी मला आत घेतलं होतं, डॉक्टर आणि दीर बाहेर पडवीत होते. साहेबाने चांगुणाला कागद दाखवला. ही बांगडी तुझी का? तिने वर्तुळावरून बोट फिरवलं आणि अर्ध्यावर थांबवलं. मग म्हणाली, “मी निशानी केली तवा माजा हात मोकला व्हता.”

साहेबाला पुस्तकी मराठी यायची, ही बोली येत नव्हती. कचेरीचे मुख्य कारकून, शिरस्तेदार, पुण्याकडचे. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही रोज या लोकांत वावरता. मोकला म्हणजे काय म्हणते ती?”

मला नीट कळलं होतं. हात मोकळा, म्हणजे बांगडी नसलेला. नवरा गेल्यावरचा. त्या एका वाक्यात तिने सगळा कागद फाडून टाकला होता, आणि ते ऐकू आलेला त्या खोलीत मी एकटाच होतो. नोकरी, अब्रू, तुरुंग — सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, “मोकळ्या मनाने, साहेब. कोणी जबरदस्ती केली नाही म्हणते.”

साहेबाने मान डोलावली आणि लिहून घेतलं. चौकशी संपली.

डॉक्टरांवरचा बोल गेला खरा, पण बोल कुठे हवेत विरतो का? तो चांगुणावर जाऊन बसला. दिराला न विचारता हिनेच कागद दिला, हिनेच माझा लेक घालवला, असं सासू गावभर सांगत सुटली. कचेरीतला शब्दही मी लावलेल्या अर्थासकट गावात पोचला. ‘मोकल्या हाताची’ हेच तिचं नाव पडलं. घरातून काढलं. दिवा गावाच्या बाजूला माहेरी जाऊन ती मिठाच्या पाट्या वाहते, असं कानावर यायचं. मी ऐकायचो आणि पुड्या बांधायचो.

पुष्कळ वर्षांनी ती दवाखान्यात आली. एकटीच. पाठीला मोठं गळू होतं, चिरायचं होतं, म्हणजे कागद आलाच. घरचं माणूस नाही, तेव्हा निशाणी तिचीच. मी ओळ वाचून दाखवली. आवाज माझा मलाच परका वाटला. तिने या वेळी अर्थ विचारला नाही.

टाक घेतला, अर्धं वर्तुळ काढलं आणि थांबली. मनगटाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग टाक माझ्यापुढे धरून म्हणाली, “ऱ्हायलेली तुमी काढा. तुमाला येते.”

आत डॉक्टर होते. हाकेच्या अंतरावर. एक शब्द बोलायचा होता — एकच.

मी टाक घेतला आणि वर्तुळ पुरं केलं.