टाकीतली तर्री

मला वाचवलं ते हिराकाकींनी. काय झालं ते नंतर सांगते, कारण सांगता सांगता माझी इतकी शोभा होणार आहे की शेवटी काकींचं नाव घ्यायला तोंड उरेल की नाही, शंकाच आहे. म्हणून आधीच घेऊन ठेवते.

हिराकाकींची वाडी आमच्या शेडला लागून आहे. केळी, नारळ, एक जुनी विहीर. त्यांचं आमच्या घराशी बोलणं बंद होतं. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला आमच्या शेडमधल्या माश्या न बोलावता गेल्या आणि थेट श्रीखंडात जाऊन बसल्या, तेव्हापासून. (माफी मागायला आमच्याकडून कुणी गेलं नाही. "माश्यांवर काय आमचं नाव लिवलेलं हाय?" असं सासूबाईंचं म्हणणं.)

मी हिंगोलीकडची. नववीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि मी इकडे पालघर-माहीम रस्त्यावर येऊन पडले. पुढे घर, मागे कोंबड्यांचं शेड. आमचे 'हे' बोईसरला कंपनीत शिफ्टला असतात, म्हणजे घरात कधी नसतात आणि असले तर झोपलेले असतात. मला इथे आल्यापासून सगळ्याची भीती वाटायची. समुद्राची, सासूबाईंच्या खोकल्याची, पिल्लांची गाडी आली की पिल्लांचीसुद्धा. पण परक्या मुलखात या माणसांनी मला घरात घेतलं, मायेनं जेवू घातलं, याचं मला इतकं अप्रूप होतं, की कुणीही काही सांगायला तोंड उघडलं की मी आधी "हो" म्हणायचे आणि काय म्हणाले ते मग ऐकायचे.

या सवयीमुळेच पुढचं सगळं झालं.

सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, जन्मभर तारापूरकडच्या एका केमिकल कंपनीत ड्रम हलवले. ड्रम उघडायचं काम त्यांच्याकडे कधीच नव्हतं. पण इतकी वर्षं बाहेरून हात लावून लावून आतली सगळी विद्या आपल्या अंगात झिरपली आहे, अशी त्यांची खात्री होती. रिटायर झाल्यावर त्यांनी शेड बांधलं. पिल्लं एका पोल्ट्री कंपनीची, खाद्य कंपनीचं, वाढवायचं आपण. पक्षी तयार झाले की कंपनीची गाडी येते आणि घेऊन जाते, की एक खेप संपली.

त्या खेपेला कंपनीचा सुपरवायझर सहज बोलून गेला, "काका, आता कोंबड्यांना उठसूट अँटिबायोटिक द्यायचं नाही. काही जण वनस्पतींची तेलं वापरतात. ओव्याचं, दालचिनीचं. पोट बरं राहतं म्हणतात. पण काहीही द्यायच्या आधी मला विचारा."

बाबांनी पहिली चार वाक्यं ऐकली. पाचव्याच्या वेळी ते चप्पल घालत होते.

पालघरच्या दुकानात पिशवी धरायला मी सोबत होते. दुकानदाराने ओव्याच्या तेलाच्या दोन बाटल्या काढल्या. एकीत दुधासारखं पांढरं, दुसरीत सोनेरी, झुळझुळीत.

"ह्ये पांढरं काय हाय?" बाबांनी विचारलं.

"पाण्यातून द्यायचं असेल तर हे न्या, काका. पाण्यात मिसळावं म्हणून त्यात दुसरं काहीतरी घातलेलं असतं."

"म्हंजे भेसळ."

"भेसळ नाय हो. त्याच्याशिवाय..."

"मला शिकवू नको. माजा जन्म ड्रमांत गेलाय. शुद्ध ते दे."

"शुद्ध पाहिजे तर खाद्यात नीट कालवावं लागेल."

"कालवायचं कशाला? पाणी सगळ्याच कोंबड्या पितात."

"शुद्धच बरं," मी मागून म्हणाले. (मला कुणी विचारलेलं नव्हतं.)

शेडमागे चौथऱ्यावर काळी टाकी आहे. टाकीच्या तळाशी नळ, नळातून पाईप शेडमध्ये, आणि पाईपला ओळीने निपल. कोंबडीने चोच मारली की थेंब येतो. रोज सकाळी शिडीने वर चढून टाकीत एक झाकण तेल ओतायचं, हे खातं माझ्याकडे आलं. झाकण काढलं की असा घमघमाट यायचा की नाक आणि डोळे एकदमच मोकळे व्हायचे. एवढा वास येतो म्हणजे गुण येणारच, असा माझा हिशोब.

माझा जीव त्या खेपेत अडकला होता, त्याला कारण होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. बाबांनी कबूल केलं होतं, "गाडी भरून गेली की तू जा माहेरी. कोंबड्या शेडात असतील तर जायचं नाय." गाडी ज्या दिवशी यायची, त्याच दिवशी दुपारी मला निघायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी तिकडे हळद होती. लग्नानंतर मी एकदाही घरी गेलेले नव्हते. म्हणून बहिणीची आठवण आली की मी टाकीत आणखी एक झाकण ओतायचे. नवसाला ओतावं तसं. आणि आठवण रोज यायची.

कोंबड्या झकास वाढल्या. (ब्रॉयलर कोंबडीला वाढण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो, हे आम्ही सोयीने विसरलो.) बाबांना तर कीर्तीच चढली. जो भेटेल त्याला तेलाचं व्याख्यान. एकाने नातवाच्या खोकल्याचं सांगितलं, त्यालाही यांनी कोंबडीचा डोस सांगितला. "कोळगावला जिल्ह्याच्या कचेरीत बसलेल्या साहेब लोकांना आनून दाखवायला पायजे," असं म्हणून ते शेडच्या दारात असे उभे राहायचे, जणू साहेब लोक रिक्षातून उतरतातच आहेत.

मी तरी काय कमी? आईला फोनवर सांगत होते, "आमच्याकडच्या कोंबड्या ओव्याचं पाणी पितात. तुमच्यासारखं नाही, उकिरड्यावर सोडलं आणि झालं." नववी नापाससुद्धा न झालेली बाई (परीक्षेलाच बसले नव्हते) गावच्या कोंबड्यांना नावं ठेवत होती.

कुंपणापलीकडून हिराकाकी ऐकायच्या. आमच्याशी बोलणं बंद, म्हणून त्या केळीशी बोलायच्या. "ऐकलंस गो?" केळीच्या खोडाला त्या म्हणायच्या. "आमच्यात बाळंतिणीला ओवा देतात. ह्यांच्यात कोंबड्यांना पाजतात. आता धुरी नि शेक तेवढा रायलाय."

सासूबाई आतून ठणकावून मला सांगायच्या, "काय लोकांना पोटदुखी गो, सविता. आनि ओवा तर आपल्याकडे हाय."

गाडी यायच्या आदल्या दिवशी सकाळीच लाईट गेली. ऑक्टोबरचं ऊन, वारा नाही. मोटर बंद, म्हणजे टाकी भरणं बंद. एरवी टाकी अर्धी झाली की आम्ही भरायचो, रिकामी कधी होऊच दिली नव्हती. त्या दिवशी कोंबड्या उन्हाने घटाघटा पाणी पीत होत्या आणि टाकी खाली खाली चालली होती. तळ गाठायच्या आत लाईट येईल, असं बाबा म्हणाले. मी "हो" म्हणाले.

दुपारी मी शेडमध्ये गेले तर सगळं शेड गप्प. शेडला कलकलाटाची सवय झाली की शांतता कानाला टोचते. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख पसरून धापा टाकत होत्या. एखादी निपलला चोच मारायची, मान झटकायची, शिंकायची आणि अशी मागे सरायची, जशी मी सासूबाई खोकल्या की सरते.

मी बाबांना हाक मारली. बाबा आले, कंबरेवर हात ठेवून बघत राहिले.

"तेल लागू पडलं," ते म्हणाले. "कशी शांत झाल्यात बघ."

"बाबा, त्या पाणी पीत नाहीत."

"पोट भरलं असंल."

तेवढ्यात पुढची एक कोंबडी शांतपणे आडवी झाली. मग तिच्या पलीकडची. बाबांचे हात कंबरेवरून खाली आले.

मी शिडी चढले आणि टाकीचं झाकण उघडून आत डोकावले. तळाशी बोटभर पाणी असेल नसेल, आणि त्यावर सोनेरी, झुळझुळीत, जाडजूड थर, थेट नळाच्या तोंडाशी आलेला. माझी इतक्या दिवसांची सगळी झाकणं, नवसाच्या झाकणांसकट, तिथे एकत्र जमून माझी वाट बघत होती. नळ तळाशी. तेल वर. म्हणजे इतके दिवस कोंबड्या खालचं साधं पाणी पिऊन वाढल्या होत्या, आणि ज्या दिवशी औषध खरोखर पोटात जायला निघालं, त्याच दिवशी त्यांनी पाणी सोडलं होतं.

वाफ डोळ्यांत गेली आणि पाणी घळाघळा वाहायला लागलं.

"रडू नको गो," खालून बाबा म्हणाले. "माहेरी काय, पुढच्या खेपेला जा."

तेव्हा मात्र मी खरोखर रडायला लागले. ह्यांना फोन केला. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबांना विचार."

उन्हात पाण्याविना कोंबडी घटकाभर टिकत नाही. आमच्या घरात पिण्याचे दोन हंडे होते, त्यात काय होणार? मी कुंपणाशी गेले. कुंपणापलीकडे जायची मला मनाई होती, म्हणून अलीकडेच उभी राहून हुंदके देत होते. काकी केळीखालचा पाला ओढत होत्या.

"काय गो," त्या केळीला म्हणाल्या, "ही पोरगी कशाला रडते ते इचार तिला."

मी केळीला सगळं सांगितलं. बहिणीच्या लग्नासकट.

काकींनी पाला टाकला आणि पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं. "मग केळ काय पानी काढून देनार हाय तुला? चल, भांडी घे."

पुढचा तास मला नीट आठवत नाही. काकींनी आपल्या लग्नकार्याचे टोप, पराती, घमेली, नातवाचा आंघोळीचा टब, सगळं बाहेर काढलं. विहिरीवर त्यांचं जुनं डिझेल इंजिन होतं. त्याचं हँडल मारताना त्या आमच्या घराण्याचा उद्धार करत होत्या आणि प्रत्येक शिवीला इंजिन थोडं थोडं सुरू होत होतं. आम्ही पराती भरभरून शेडमध्ये मांडल्या. कोंबड्या अशा तुटून पडल्या की दोन-चार तर परातीतच जाऊन बसल्या. काकी नाकाला पदर लावून आत आल्या, थबकल्या, पदर काढला.

"जनूभाऊ," त्या बाबांना म्हणाल्या, "इतक्या वरसांत पैल्यांदा तुमच्या शेडाला बरा वास येतोय. हे आदी केलं असतं तर माश्या तरी आल्या नसत्या."

टाकी ओतली, घासली, इंजिनाचा पाईप लावून लाईन धुऊन काढली. चार-सहा कोंबड्या दगावल्या, बाकी सगळ्या संध्याकाळपर्यंत पुन्हा कलकलायला लागल्या. इतका गोड आवाज मी माझ्या लग्नातल्या सनईचाही ऐकला नव्हता.

सासूबाईंनी दिवेलागणीला एक शब्द न बोलता अंगणातला स्वतःचा गावठी कोंबडा धरला. श्रीखंडातल्या माश्यांची माफी अशी उशिरा, पण मसाला लावून गेली. काकी जेवायला आल्या. रस्सा मी केला, आमच्याकडचा, वर लालभडक तर्री. तर्री म्हणजे रश्शावर तरंगणारा तेलाचा तवंग. तो पहिला घरच्या कर्त्याच्या ताटात जातो. लग्न झाल्यापासून मी बाबांना तसाच वाढत आले आहे.

बाबा जेवता जेवता कारणं शोधत होते. "लाईटवाल्यांचा दोष हाय. नायतर दुकानदारानं फसवलं. पानी तर शुद्ध, तेल तर शुद्ध. मग ते वर कसं काय आलं?"

मी त्या वेळी पातेल्यातल्या वरच्या वर डाव फिरवून, खालच्या रश्शाला धक्का न लावता, अलगद तर्री गोळा केली होती आणि डाव त्यांच्या ताटावर धरला होता. माझा हात तसाच थांबला. काकींनी डावाकडे बघितलं. सासूबाईंनी बघितलं. शेवटी बाबांनीही बघितलं.

"रोज वाढतेस काय गो अशी?" काकींनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "रोजच."

बाबांनी ताट जरा पुढे सरकवलं. मग हळूच म्हणाले, "वाढ की. गार होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. भरणारा एक जण शेडमध्ये हुंगत म्हणाला, "क्या भाभी, मुर्गी को मसाला लगाके भेज रहे हो?" बाबांनी त्याला व्याख्यान दिलं नाही. व्याख्यान न देता त्यांना इतका वेळ उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. दुपारी मी निघाले. काकींनी कुंपणावरून वेलची केळ्यांचा घड दिला, "बैनीच्या हळदीला" म्हणून. हळदीत बायका मला विचारत होत्या, ओव्याचं पाणी कसं काय चाललंय? मी तोंडात केळं कोंबून घेतलं.

काकींचं हे ऋण माझ्यावर आहे आणि मी ते फेडणार आहे. त्यांच्याकडे पुढचं कार्य निघेल तेव्हा पदर खोचून श्रीखंडाच्या पातेल्याशी उभी राहीन आणि पंगत उठेपर्यंत एकही माशी बसू देणार नाही. परत आल्यावर मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी जुन्या सवयीने केळीकडे बघितलं.

"ऐकलंस गो? ही माश्या हाकनार. हाक म्हनावं. फक्त कुनी हातात डाव दिला आनि वाढ म्हनालं, तर आदी मला इचारायचं. कबूल?"

मी नेहमीसारखं आधी "हो" म्हणाले. काय म्हणाल्या ते मग ऐकलं.