भिंगरी आणि बाळांचा काटा

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत भिंगरीला पन्नासपैकी एकोणपन्नास गुण मिळाले, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

भिंगरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. पोर एका जागी पाच मिनिटं बसायची नाही म्हणून आईनं लहानपणी ते ठेवलं आणि मग तेच चिकटलं. शाळेतही ती पेपर अर्ध्या वेळात संपवायची आणि उरलेला वेळ पाय हलवत, शेजारच्या बाकाला वैताग आणत काढायची. निकाल लागला तेव्हा घरात आनंदीआनंद होता. बाबा बस आगारात वेळापत्रकं आखायचं काम करत. त्यांनी चौकटीच्या कागदावर भिंगरीची पुढची साडेचार वर्षंही आखून टाकली होती. जूनमध्ये इंजिनिअरिंग कॉलेज, चार वर्षांनी पदवी, सहा महिन्यांत नोकरी. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता.

आणि एका दुपारी जेवताना भिंगरी म्हणाली की कॉलेज पुढच्या वर्षी. हे वर्ष ती मामाच्या दुकानात काम शिकणार.

बाबांचा घास हातातच राहिला. मामाचं दुकान म्हणजे वजनकाटे दुरुस्तीचं. बाबांच्या मते त्यांच्या या मेव्हण्यानं शिक्षण अर्ध्यावर सोडलं आणि तेव्हापासून तो काट्यालाच लटकलेला होता. त्यानंच पोरीच्या डोक्यात हे भरवलं असणार, असं त्यांनी लगेच जाहीर केलं. मामाला तर यातलं काहीच माहीत नव्हतं. भिंगरीनं त्याला अजून विचारलंच नव्हतं.

कारण विचारलं तेव्हा तिनं प्रात्यक्षिकाची गोष्ट सांगितली.

"त्या प्रयोगात मी तराजूला हातसुद्धा लावला नाही, बाबा. उत्तर किती यायला हवं ते सगळ्यांना पाठ होतं. मग त्याला जुळतील असे आकडे उलटे मागून भरले. सगळ्यांनीच भरले. मला त्याचे एकोणपन्नास मिळाले."

"मग एक का कापला?" बाबांनी विचारलं.

"अक्षरासाठी."

आईला हसू आवरेना. बाबा मात्र दोन दिवस गंभीर होते. वर्ष गेलं की अभ्यासाची सवय जाते, मैत्रिणी पुढे जातात, मग परत वळणं होत नाही, असं ते येता-जाता ऐकवत राहिले. भिंगरीचं एकच पालुपद होतं. तिला एकदा काहीतरी खरोखर मोजून बघायचं होतं, चार वर्षं आणखी आकडे भरण्याआधी. तिसऱ्या दिवशी आई मध्ये पडली. प्रत्येक बसला शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं देता, नाहीतर उशीर पुढच्या फेरीत चढतो म्हणता, मग पोरीनंच काय घोडं मारलंय, असं तिनं विचारलं. बसला आपण दहा मिनिटं देतो, वर्ष देत नाही, असं बाबा म्हणाले खरे, पण आवाज उतरला होता.

शेवटी अट ठरली. कॉलेजात वर्षातून दोनदा प्रवेश होत. सहा महिन्यांनी, दुसऱ्या प्रवेशाची मुदत संपायच्या आत, भिंगरीनं एक काटा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीनं दुरुस्त करून दाखवायचा. मामानं हात लावायचा नाही आणि तोंडही उघडायचं नाही. जमलं तर उरलेले सहा महिने तिचे. नाही जमलं तर मुकाट्यानं फॉर्म भरायचा.

"माझं तोंड बंद ठेवायचं?" मामा फोनवर म्हणाला. "भाऊजींनी माझीच परीक्षा लावली की."

मामाचं दुकान दहा पावलांत संपायचं. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर लोकांचे आजारी काटे, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. काय होतंय ते मालकाच्याच शब्दांत लिहायचं असा मामाचा नियम होता. त्यामुळे एका चिठ्ठीवर 'सकाळी खोटं बोलतो' आणि दुसरीवर 'बायकोनं पाडला, ती नाही म्हणते' असं असायचं. पहिला महिना भिंगरीनं फक्त साफसफाई केली. भाजीवाल्याच्या काट्यातून कांद्याची सालं निघाली, बेकरीच्या काट्यातून पिठाचा घट्ट लाडूच. सोनाराचा काटा नुसता थरथरायचा आणि त्यात बिघाड काहीच सापडेना. ती त्याच्या दुकानात जाऊन बघते तो काट्याच्या बरोबर वर पंखा. तो बंद केला आणि काटा शहाण्यासारखा वागायला लागला. त्या दिवशी ती घरी नाचतच आली.

अडचण एकच होती. काटा स्थिर व्हायला वेळ घेतो, आणि तेवढा वेळ भिंगरीकडे नसायचा. आकडा थांबायच्या आत तिचा हात पुढच्या वजनाकडे गेलेला असे. मामानं तिला हात मांड्यांखाली दाबून बसायला लावलं. समोर अर्धा किलोचं वजन ठेवायचं आणि आकडा जागेवर बसेपर्यंत हात काढायचे नाहीत. शिवाय प्रत्येक काट्याला शेवटी एकच वजन मधोमध आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायचं. पाचही ठिकाणी आकडा सारखाच यायला हवा. हे काम भिंगरीला रटाळ वाटायचं. मधोमध बरोबर असेल तर कोपऱ्यात कशाला चुकेल, असं ती मनात म्हणायची आणि मामा बघत असेल तेव्हा निमूटपणे करायची.

सहा महिने कसे गेले कळलंच नाही. परीक्षेसाठी काटा आला तो चौकातल्या बाळांच्या दवाखान्यातला. त्यावर पाळण्यासारखा लांबट ट्रे, बाळाला त्यात निजवायचं आणि समोर आकडा वाचायचा. एकाच बाळाचं वजन सकाळी एक आणि दुपारी भलतंच येतं, अशी तिथल्या सिस्टरांची तक्रार होती. काटा हलवायला नको म्हणून तिथेच जाऊन बघायचं ठरलं.

बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाहेरच्या बाकावर ते आणि मामा शेजारी शेजारी, कुणाच्या लग्नात नाइलाजानं एका रांगेत बसल्यासारखे. आत भिंगरीनं काट्याचे पाय फिरवून तो सपाट केला, तारांची टोकं साफ केली, पेटीतली वजनं चढत्या क्रमानं ट्रेच्या मधोमध ठेवत गेली. सगळे आकडे चोख. कोपरे आठवले तेव्हा तिनं क्षणभर विचार केला. बाळ काही कोपऱ्यात निजत नाही. मामा दारातून बघत होता. त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. भिंगरीनं ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायला ती थांबली नाही.

बावीस मिनिटांत काम झालं. बाबांनी घड्याळ पाहून "वेळेआधी" असं म्हटलं. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून दुकानात फोन आला. एक तरुण आई तिच्या दीड महिन्याच्या मुलीला घेऊन आली होती. आठ दिवसांपूर्वी सकाळी मुलीचं वजन चार किलो तीनशे वीस होतं, आज भरलं चार तीनशे तीस. आठ दिवसांत दहा ग्रॅम. त्या आईनं तिथेच रडायला सुरुवात केली होती, आणि सिस्टरांचं म्हणणं असं की बाळ तर चांगलं टुकटुकीत दिसतंय, काटाच पुन्हा बिघडलाय.

भिंगरीनं फोन ठेवला. फॉर्मची मुदत तीन दिवसांवर होती.

मामानं हातातला पाना खाली ठेवला. "मी आत्ता जाऊन बघून येतो. दहा मिनिटांचं काम. भाऊजींना कळायचं कारण नाही."

तो प्रेमानंच म्हणाला होता, आणि मोह तिला झालाही. पण मामानं केलेल्या दुरुस्तीवर आपलं नाव घालायचं म्हणजे पुन्हा ते आकडे उलटे मागून भरणंच. ती उठली आणि थेट आगारात गेली.

बाबांच्या खोलीत सगळी भिंत व्यापून वेळापत्रक होतं, रंगीत रेघांचं. ते खोडरबरानं एक रेघ पुसत होते. भिंगरीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाबांनी कागदावरचा चुरा फुंकला.

"काहीतरी राहिलंय हे मामाच्या लक्षात आलं होतं?"

"आलं असणार. पण तुमची अट होती, म्हणून तो बोलला नाही."

"आणि चूक काय आहे?"

"माहीत नाही. उद्या मी दिवसभर तिथे बसून बघणार आहे."

बाबांनी मान हलवली आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. ते रागावले की नाही, हे भिंगरीला घरी पोचेपर्यंत उमगलं नाही, आणि घरी पोचल्यावरही नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडल्यापासून ती काट्यासमोरच्या स्टुलावर बसली. पेटी बंद, हात मांड्यांखाली. बाळं येत होती, रडत होती, मोजली जात होती. सकाळच्या सिस्टर डावखुऱ्या होत्या. उजव्या हातानं बाळाला सावरून डाव्या हातानं वजन लिहायच्या. आपल्याकडे बघत बसलेली ही मुलगी दवाखान्याची तपासणी करायला आलीय की काय, असं त्यांनी दोनदा विचारलं. दुपारी दुसऱ्या सिस्टर आल्या. त्यांनी पहिलं बाळ ट्रेमध्ये निजवलं, उजव्या हातात पेन घेतलं, आणि भिंगरी ताडकन उभी राहिली.

बाळाचं डोकं दाराकडे होतं. सकाळी सगळ्या बाळांची डोकी खिडकीकडे होती.

बाळ उचललं जाईपर्यंत तिला धीर निघेना. पेटीतलं दोन किलोचं वजन काढून तिनं ट्रेच्या खिडकीकडच्या टोकाला ठेवलं. दोन किलो. मग दाराकडच्या टोकाला. एक किलो नऊशे. बाळ निजतं मधोमधच, पण त्याचं डोकं आणि छाती एकीकडे जड असते, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

तिनं ट्रे उचलला. दाराकडच्या बाजूला, खालच्या फटीत, एक पिवळं बटण अडकून बसलं होतं. कुठल्यातरी झबल्याचं, चार भोकांचं. वजन त्या टोकाला आलं की ट्रे केसभर झुकायचा, बटणावर टेकायचा, आणि थोडा भार ते बटणच बिचारं उचलायचं. मधोमध वजन ठेवलं की ट्रे त्याला शिवायचाही नाही.

बटण काढून तिनं मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून पाहिलं. प्रत्येक वेळी आकडा थांबेपर्यंत थांबली. मग सिस्टरांना त्या आईला फोन करायला लावला.

ती अर्ध्या तासात आली, धावतपळत, केस कसेबसे बांधलेले. मुलीचे कपडे उतरवून तिला आधी डोकं खिडकीकडे करून निजवलं. चार किलो पाचशे वीस. मग फिरवून दाराकडे. चार पाचशे वीस. नऊ दिवसांत दोनशे ग्रॅम. आईनं आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि सिस्टरांच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागली. मुलीनं तेवढ्यात ट्रेमध्येच सू केली.

"घ्या. आता कमी भरेल," सिस्टर म्हणाल्या.

सगळ्यांनी आकड्याकडे पाहिलं. तो जागचा हलला नव्हता. जे काही होतं ते ट्रेमध्येच होतं. भिंगरीला इतका आनंद झाला की तिनं टाळीच वाजवली. इतकी चांगली चाचणी मामाच्या पेटीतही नव्हती.

दारात बाबा उभे होते, आगारातून सुटून आलेले, पिशवी खांद्याला. त्यांच्या मागे मामा. सगळे हसताहेत हे पाहून बाबाही काही न कळता हसत होते. ट्रे पुसून झाल्यावर भिंगरीनं त्यांना बटण दाखवलं आणि कोपऱ्यांचं सगळं सांगितलं, काहीही न वगळता.

"म्हणजे तुमच्या अटीप्रमाणे मी नापास," ती म्हणाली. "पहिल्या खेपेला चुकलंच. उद्या फॉर्म भरते."

"कसला फॉर्म?" बाबा म्हणाले. "कॉलेजात मी काल दुपारीच फोन केला. सांगितलं, मुलगी पुढच्या जूनला येईल."

"काल? काल तर काही सापडलंच नव्हतं."

"काल तू सांगायला आली होतीस ना?"

मामा मागून म्हणाला की भाऊजी, हे मला आधी सांगितलं असतंत तर रात्रभर कूस बदलत राहिलो नसतो. तुझं तोंड बंद ठेवायचं ठरलं होतं, अशी आठवण बाबांनी करून दिली.

मग अवघडल्यासारखं होऊन त्यांनी पेटीतलं चकचकीत वजन उचललं.

"हात नका लावू, बाबा. बोटांचा घाम लागतो त्याला. फडक्यानं धरायचं."

बाबांनी वजन चटकन ठेवलं, फडकं मागून घेतलं, आणि मलाही बघू दे म्हणाले. खिडकीकडचा एक कोपरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला त्यांनी आकडा थांबायच्या आतच मोठ्यानं वाचला. भिंगरीनं त्यांना पुन्हा वाचायला लावलं. बाबा डोळे बारीक करून, श्वास रोखून वाट बघत राहिले. तोवर बाहेर चार बाळं जमली होती आणि चौघांनीही एकदम सूर लावला होता.

"झालं का तुमचं?" सिस्टर दारातून म्हणाल्या. "लेकरं खोळंबलीत."

"एक कोपरा राहिलाय," बाबा म्हणाले, आणि काट्यासमोरून हलले नाहीत.