आबांची घाऱ्या डोळ्यांची आजी

माझ्या सासूबाईंचे डोळे घारे होते. रंग गव्हाळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि त्याखाली हे हिरवट-निळे डोळे. दौंडसारख्या रेल्वेच्या गावात असे डोळे घेऊन जन्माला आलं की लोकांच्या तोंडाला जन्मभराचं काम मिळतं. इंग्रजांच्या काळात इथल्या बंगल्यांत इंजिन चालवणारे गोरे साहेब राहायचे. सासूबाईंची आई त्यातल्याच एका ड्रायव्हरकडे धुण्याभांड्याला होती. लोकांच्या जिभेला काय हाड असतं? 'साहेबाची पोर' हे शब्द सासूबाईंनी शाळेत ऐकले, नळावर ऐकले, लग्नाच्या मांडवातसुद्धा ऐकले. मी नवी नवरी होते तेव्हा एका शेजारणीनं तेच माझ्या कानात सांगितलं. मी तिथल्या तिथे तिची अशी खरडपट्टी काढली की ती पुन्हा आमच्या दारात आली नाही.

सासूबाईंचे वडील, म्हणजे आबा, त्याच साहेबाच्या इंजिनावर कोळसा मारायचे. डोळ्यांचा विषय कुणी काढला की त्यांचं उत्तर तयार असायचं. "माझ्या आज्जीवर गेलीया पोरगी. न्हावऱ्याला जाऊन इचारा." न्हावरे हे आबांचं गाव. ती आजी तिथे प्लेगात गेलेली, आणि तिला पाहिलेलं कुणी उरलेलंच नव्हतं; विचारणार कुणाला? पण सासूबाईंचा त्या आजीवर देवाइतका विश्वास. सासूबाईंच्या पाठीवर आबांना दुसरं मूल झालं नाही.

मोबाइल नुकते लोकांच्या खिशात दिसायला लागले होते, त्या सुमाराची गोष्ट. एका दुपारी रिक्षातून एक गोरी बाई आमच्या दारात उतरली. त्या साहेबाची नात. इंग्लंडमध्ये ती आपल्या घराण्याची मुळं शोधत होती. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, रेल्वेचे जुने कागद, इथल्या दफनभूमीतल्या दगडांचे फोटो, सगळं तिच्या पिशवीत होतं. फक्त एक गोष्ट कुठल्याच कागदात नव्हती. म्हातारपणी तिच्या आजोबांनी मुलीला सांगितलं होतं, "दौंडला माझी आणखी एक मुलगी आहे." तिनं गावात नुसतं विचारायचा अवकाश, अख्ख्या दौंडनं आमच्या घराकडे बोट दाखवलं. गावाला कागद लागत नाहीत.

माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं, पण तेवढ्यावर निभावलं. तिनं समजावलं की गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि ती तिकडे तपासायला द्यायची. बाप आपल्या सगळ्या लेकींना एक गोष्ट जशीच्या तशी देतो, तिची आई आणि आमच्या सासूबाई यांच्यात ती सारखी निघाली तर बाप एकच.

माझं डोकंच फिरलं. "आत्याबाई, मुळीच द्यायचं नाही. घरबसल्या शोभा करून घ्यायची हौस आहे का?"

सासूबाई मात्र शांत. "देते की. माझी आई तशी न्हवती, हे एकदा कागदावर यिऊ दे. मी मरायच्या आत तिचं नाव धुऊन निघू दे." त्यांना हवं होतं ते एवढंच.

काडी दिली, बाई गेली, आणि महिन्याभरानं तिचा फोन आला. नमुन्यातून काहीच हाती लागत नव्हतं. तपासणाऱ्यांनी विचारलं होतं, या आजींच्या तोंडात असतं तरी काय? मी कपाळावर हात मारला. मिश्री! भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड सासूबाई उठल्यापासून दातांना घासायच्या. आणि त्या दिवशी, परक्या बाईसमोर तोंड उघडायचं म्हणून, दोनदा घासून बसल्या होत्या. चांगलं दिसावं म्हणून!

दुसरी काडी टपालानं आली. आदल्या रात्रीच मी मिश्रीची डबी पिठाच्या डब्यात लपवली. सकाळी त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

"अगं, डोकं फुटायची येळ आली माझी!"

"फुटू द्या. वाटेल तेवढा शिमगा करा, काडी फिरवल्याशिवाय डबी मिळायची नाही."

शेवटी त्यांनी तोंड उघडलं, काडी फिरली, डबी मिळाली. नंतर ओट्यावर दोघी पोट धरून हसलो.

पुढचा फोन भाद्रपदात आला, पितृपंधरवडा सुरू होता. मी एकटीच होते. बाई पलीकडून रडत होती, आनंदानं. दोघींचा बाप एकच होता.

मी फोन ठेवला. कसं सांगायचं? ज्या आईसाठी सासूबाईंनी एवढा आटापिटा केला, तिच्याच नावावर शिक्का बसला होता. खोटं बोलावं असं दहा वेळा वाटलं. पण खोटं माझ्या चेहऱ्यावर टिकत नाही. सासूबाई मंडईतून आल्या, पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "लागलं ना जुळून?"

मी मान हलवली. मला रडू आवरेना.

त्या पाटावर बसल्या. पिशवीतल्या गवारीच्या शेंगा मोडायला घेतल्या. मग म्हणाल्या, "आईनं काय सोसलं, तिचं तिला ठावं. साहेबाच्या घरात कामाची बाई. तिला कोन इचारनार व्हतं, तुझ्या मनात हाय का म्हनून?" त्यांचे हात थांबले. "आन् आबाला ठावं व्हतं गं. इंजनावर रोज त्या साहेबाच्या तोंडाकडं बघायचा, घरी यिऊन माझ्या. तेच डोळे. आन् मला खांद्यावर घिऊन गावभर सांगायचा, माझ्या आज्जीवर गेलीया." बोलता बोलता त्या मध्येच हसल्या. "आज्जी! कुठली आज्जी आन् कुठलं काय. माझ्यासाठी म्हातारी जल्माला घातली त्यानं."

आणि मग त्या रडल्या. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी आबांची तिथ होती. भाऊ नाही म्हणून सासूबाईच दरवर्षी आबांचं पान वाढायच्या; भावकीनं नाकं मुरडली तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं. पानात भात, कढी, अळूची भाजी, वडे, खीर, आणि कडेला विड्यांचं बंडल, कारण आबांना जेवणावर विडी लागायची. दुसऱ्या काडीबरोबरच बाईनं साहेबाचा फोटो पाठवला होता. तो कपाटावर तसाच पाकिटात होता. माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं, "आत्याबाई, दुसरं पान मांडू का? त्यांच्या नावानं?"

त्यांनी विड्यांचं बंडल नीट सरळ केलं, पानाभोवती पाणी फिरवलं.

"साहेबाला तिकडं लेक हाय, नात हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या आबाला माझ्याबिगर कोन हाय?"