हवेतले सहा तास

नाशिक रोड स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीमागे अठ्ठावीस वर्षं काढल्यावर देवरामअण्णांना साधं बोलता येईनासं झालं होतं. पाहुण्यांना ‘चहा सात मिनिटांत येईल’ असं ते जाहीर करत आणि आठव्या मिनिटाला स्वयंपाकघरात जाऊन उशिराचं कारण विचारत. पुतणीच्या लग्नात नवरदेव रखडला, तेव्हा माइक ओढून वऱ्हाडाची क्षमा मागितली ती अण्णांनीच.

अशा माणसाची दोन्ही पोरं, जिथे रेल्वेच जात नाही तिथे जाऊन बसली. हिरामण फौजेत, लेहला. सरिता नवऱ्याच्या बदलीमुळे पोर्ट ब्लेअरला. अण्णांना तो रेल्वेचा अपमानच वाटे.

त्यांच्या बायकोची, लताबाईंची, काळजी निराळी होती. “आपलं काय, आज हाय उद्या नाय. हिरामणपासून सरिता किती लांब, ते सांगा. एकाला गरज पडली तर दुसरं कधी पोचंल?”

अण्णांनी नकाशावर दोरा ताणला. तीन हजार किलोमीटरला थोडं कमी. मग दिल्ली, चेन्नई अशी विमानं जुळवली. खरं उत्तर दोन-तीन दिवस, तेही लेहचं आभाळ मोकळं असेल तर. पण लताबाईंचा चेहरा पाहून अण्णा जन्मात पहिल्यांदा चुकीची वेळ बोलले.

“सहा तास.”

“एवढंच? निफाडला माझ्या बहिणीकडं जायचं तर एस.टी.ची वाट बघण्यातच तेवढा वेळ जातो!” लताबाई त्या दिवसापासून निवांत झोपू लागल्या.

२००३च्या जानेवारीत त्यांचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, मुलांना बोलवा. सकाळी दहाला अण्णांनी दोन्हीकडे फोन केले. लताबाईंनी शेजारणीकडून वेणी घालून घेतली. “सहा तास, म्हंजे चारपर्यंत येतील दोघं,” म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघत राहिल्या.

चार वाजले. साडेपाच वाजले. “लय लेट हाय हो तुमचं विमान.”

सरिताला दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं होतं. लेहला बर्फ पडत होतं; विमान उतरतच नव्हतं.

“लता,” अण्णा म्हणाले, “ते सहा तास नुसते हवेतले. वाट बघायचा वेळ मी धरलाच नव्हता.”

“साऱ्या दुनियेला खरं सांगितलंत, अन् मलाच...” लताबाईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, “हिरामणला किती लागतील?”

“सांगता येत नाही.” हे वाक्य अण्णांच्या तोंडून फार कष्टाने निघालं.

“सरिता तोंडाळ हाय. भाऊ आला नाय म्हणून त्याला बोलंल. तिला आवरा. अन् मी गेल्यावर त्याच्यासाठी मला अडवून ठेवू नका.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. सरिता त्यानंतरच्या सकाळी पोचली. आईपाशी बसली, रडली, मग मान वर करून म्हणाली, “दादा कुठंय? फौजेत आईसाठी पण सुट्टी मिळत नाही का?”

“सुट्टी मिळालीय. पिशवी घेऊन विमानतळावर बसलाय बिचारा. विमानच नाही.”

सरिताला ते पटलं नाही. अण्णांनी मग हिरामणने दिलेला लेहच्या विमानतळाचा नंबर फिरवला आणि फोन तिच्या हातात दिला. बोलायचं म्हणून तिने तोंड उघडलं होतं, पण पलीकडून काय ऐकू आलं कोण जाणे, ती खाली बसली.

“रडू नको रे दादा,” शेवटी ती म्हणाली. “मी आहे ना इथं.”

अण्णा बाहेर गेले आणि अंगणात खोळंबलेल्या माणसांना म्हणाले, “चला, निघू या.”